पस्तीस आणि मुप्पै ऐदु

कोरोनाच्या काळात, जून २०२० मध्ये, सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात जी शांतता होती, तशी मी त्याआधी कधी अनुभवली नव्हती. अशोक चौक, साखर पेठ, कन्ना चौक, कुठंच माग चालू नव्हता. इथं जन्मलेल्या माणसाच्या कानाला यंत्रमागाच्या खडखडाटाची इतकी सवय असते की तो थांबला की झोप मोडते. मी इथल्याच एका मराठी माध्यमाच्या शाळेत दुसरीला शिकवते. तेव्हा वर्गात ३६ मुलं होती आणि त्यातल्या २१ जणांच्या घरी नेट चालणारा मोबाईल होता. मोबाईल म्हणजे वडिलांचा. माग बंद म्हणजे आठवड्याचा पगार बंद, आणि पगार बंद झाला की सगळ्यात आधी नेटपॅक बंद.

वरून निरोप आला की व्हिडिओ करून पाठवा. मी पहिला व्हिडिओ केला तो अकरा मिनिटांचा. स्वयंपाकघराच्या भिंतीला छोटा फळा टेकवला, समोर उभी राहिले आणि एकक-दशक या विषयावर मला जे जे माहीत होतं ते सगळं सांगून टाकलं. व्हॉट्सॲपवर तेव्हा १६ एमबीच्या वर व्हिडिओ जात नसे, म्हणून त्याचे चार तुकडे केले. काही घरी तिसरा तुकडा आधी पोचला, काही घरी पहिला पोचलाच नाही. तरी पालकांचे अंगठे आले, हात जोडलेले आले. मला वाटलं, धडा पोचला.

ऑगस्टमध्ये जरा मोकळीक मिळाल्यावर मी मास्क बांधून मुलांच्या घरी जायला लागले. साखर पेठेतल्या एका चाळीत माझ्या वर्गातला एक मुलगा राहतो. वडील मागावर, आई कांड्या भरायला जायची, तेव्हा दोघंही घरीच होते. दारात त्याची आजी, म्हणजे अव्वा, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. आई म्हणाली, "बाई, पोरगं दिवसभर मोबाईलच बघायलंय, पण गणित काय येईना." मी म्हटलं, माझा व्हिडिओ लाव आणि बघ, मी बाजूला बसते. मोबाईलकडं बघायचंच नाही, फक्त त्याच्या डोळ्यांकडं बघायचं, असं मी ठरवलं होतं.

साधारण दोन-अडीच मिनिटं तो नीट बघत होता. मग त्याची नजर अव्वाच्या बोटांवर गेली. तेंदूच्या पानात तंबाखू पसरायची, पान वळायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा, आणि ती विडी सुपात पडायची. मोबाईलमध्ये मी बोलत होते, तो अव्वाचे हात बघत होता. माझ्या आवाजापेक्षा तिच्या हातांत बघण्यासारखं जास्त होतं, हे मला तिथं बसल्या बसल्या मान्य करावं लागलं. व्हिडिओ संपल्यावर मी त्याला पाटीवर पस्तीस लिहायला सांगितलं. त्यानं ५३ लिहिलं. त्रेपन्न सांगितलं, तर ३५.

ते ५३ माझ्या डोक्यात घर करून बसलं. त्याच्याकडं परत येईन, आधी व्हिडिओचं सांगते.

घरी येऊन मी ठरवलं की पुढच्या व्हिडिओत फक्त हात दिसतील. दोन रिकामे तेलाचे डबे, त्यावर आडवी लाकडी पट्टी, पट्टीला सुतळीनं बांधलेला मोबाईल, कॅमेरा खाली. खाली जमिनीवर काळी चादर. काड्या खराट्याच्या, सारख्या लांबीच्या तोडलेल्या. दहा काड्यांचा गठ्ठा बांधायला रबर आणले होते, पण रबर तुटत. मग मुलांनीच घरून सूत दिलं. आमच्याकडं रंगीत सुताचे तुकडे प्रत्येक घरात असतात. लाल सुतानं बांधलेला गठ्ठा म्हणजे दशक, मोकळी काडी म्हणजे सुटी. बस, एवढंच सामान.

यातही चुका झाल्या, आणि त्या कळल्या फक्त मुलांजवळ बसून बघितल्यामुळं. मी कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूला बसून गठ्ठे माझ्या डावीकडं मांडायची. मुलाला ते उजवीकडं दिसायचे. म्हणजे वहीत दशक डावीकडं आणि व्हिडिओत उजवीकडं. एका मुलीनं 'किती आहेत?' याचं उत्तर 'सहा' दिलं, तेव्हा काड्या चार होत्या. ती माझ्या बांगड्या मोजत होती, कारण काळ्या चादरीवर हिरव्या बांगड्या काड्यांपेक्षा उठून दिसत होत्या. बांगड्या काढल्या. पंखा बंद केला, कारण त्याचा आवाज माझ्या आवाजावर चढत होता आणि सुट्या काड्याही हलत. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पंखा बंद करून दहा मिनिटं बसणं काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. मोबाईल तापून स्वतःच बंद पडायचा. म्हणून पहाटे साडेपाचला रेकॉर्डिंग करायचं ठरवलं. फक्त पाण्याच्या दिवशी ते जमत नाही, कारण पहाटे अख्खी गल्ली घागरी-बादल्या घेऊन जागी असते.

लांबीचं म्हणाल, तर मोठ्यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांवर फिलिप ग्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक अभ्यास मांडला होता. एडएक्सवर व्हिडिओ बघण्याच्या ६९ लाख नोंदी त्यांनी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी निम्मे तरी लोक सहा मिनिटांच्या आतच सोडून देतात, असं त्यात दिसलं. ती मोठी माणसं होती, स्वतःहून शिकायला आलेली. माझी मुलं सात वर्षांची. त्यांच्या डोळ्यांवरून मी जे टिपलं त्यात अडीच मिनिटं ही हद्द होती. मग मी अडीच मिनिटं धरली, आणि एका व्हिडिओत एकच गोष्ट.

पण कोणती एक गोष्ट? इथं मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पाठ्यपुस्तकाचा घटक घेऊन त्याचे तुकडे केले, तर तुकडे लहान होतात पण मुलाला ज्या जागी ठेच लागते ती जागा त्यात येईलच असं नाही. मी एक दोनशे पानी वही घातली आणि तिला 'चूक वही' म्हणायला लागले. वहीत मुलाचं नाव लिहायचं नाही, फक्त चूक लिहायची, जशीच्या तशी. महिन्याभरात लक्षात आलं की चुका शंभर नसतात. आठ-दहा चुका असतात आणि त्याच पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या हातांनी लिहिल्या जातात. मग व्हिडिओ घटकाचा न करता चुकीचा करायचा, असा क्रम बसला.

एक चूक सांगते. ५२ वजा २७. वर्गातल्या निम्म्या मुलांचं उत्तर ३५. अनुभवी शिक्षकाला लगेच कळतं की मुलानं सातातून दोन वजा केले. दोनातून सात जात नाहीत म्हणून उलटं केलं. मी एका मुलीला विचारलं, "असं का केलंस?" ती म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगितलंय, मोठ्यातून लहान वजा करायचं." खरंच सांगितलं होतं. वर्षानुवर्षं सांगत आले होते. 'मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची' हे वाक्य मी अख्ख्या संख्येबद्दल बोलत होते आणि ती प्रत्येक अंकाला लावत होती. तिनं नियम तंतोतंत पाळला होता. त्या दिवसापासून ते वाक्य मी वर्गात उच्चारलेलं नाही.

त्या व्हिडिओत नियमच नाही. चादरीवर पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. आवाज येतो, "यातल्या सत्तावीस काड्या मला पाहिजेत." हात दोन गठ्ठे उचलून बाजूला ठेवतो. राहिले तीन गठ्ठे, दोन सुट्या. आता सात सुट्या पाहिजेत आणि आहेत दोनच. हात दोन काड्यांवर थांबतो, मग गठ्ठ्यांवर जातो, परत येतो. "आता काय करू?" इथं मी गप्प बसते. मग एका गठ्ठ्याचं लाल सूत सुटतं, दहा काड्या पसरतात, सुट्या होतात बारा. त्यातल्या सात गेल्या, पाच उरल्या. गठ्ठे दोन. पंचवीस. सूत सुटताना मुलं "आं" करतात. हातचा आणि उसने हे शब्द मी त्यानंतर आठवड्यानं आणले, तोवर त्यांनी गठ्ठा शंभरदा सोडला होता.

'आता काय करू?' नंतरची शांतता मी आधी तीन सेकंदांची ठेवली होती. मुलांजवळ बसल्यावर दिसलं की तीन सेकंदांत हुशार मूलही तोंड उघडत नाही. सात सेकंद केली. तर मुलं म्हणायला लागली, "बाई, मोबाईल हँग झाला," आणि स्क्रीन टोकरायला लागली. मग त्या सात सेकंदांत मी हात चौकटीत ठेवला आणि एकेक बोट मिटत गेले. बोटं मिटायला लागली की मुलांना कळतं, बाई आपली वाट बघतायत. आवाज नाही, पण हात जिवंत आहे. माझ्या सगळ्या व्हिडिओंत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा सात सेकंदांचा भाग. बाकीचं सगळं मी समोर बसून जास्त चांगलं शिकवू शकते.

आता त्या ५३ कडं येते.

मराठीत पस्तीस म्हणताना पाच आधी येतात, तीस नंतर. लिहिताना तीन आधी, पाच नंतर. कान एक क्रम सांगतो आणि हाताला दुसरा पाळायचा असतो. त्यात बत्तीस, त्रेचाळीस, सव्वीस अशी जोडाक्षरं आणि बदललेली रूपं, त्यामुळं शंभरापर्यंतचं जवळजवळ प्रत्येक नाव मुलाला वेगळं पाठ करावं लागतं. वर एकोणतीस. त्यात नऊ ऐकूच येत नाही, तीस ऐकू येतं. मूल ३९ लिहून मोकळं होतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, ते आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण लहान मुलांना गणितापासून दूर लोटते, असं त्या शांतपणे सांगत होत्या. जुनी नावं काही हद्दपार केली नव्हती. पण विधानसभेपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळे 'वीस एक'ची थट्टा करत होते. शिक्षकांच्या खोलीत मीही हसले होते. सहा वर्षं दुसरीला शिकवूनही मुलाची अडचण मला दिसली नव्हती, आणि ज्यांना दिसली होती त्यांच्यावर मी हसले.

त्या मुलाच्या घरी मी पुन्हा गेले तेव्हा त्याला विचारलं, "घरी अव्वा पस्तीसला काय म्हणते?" तो आईकडं बघायला लागला. शाळेत तेलुगु बोलायचं नसतं, अशी त्याची समजूत होती. ती कुणी करून दिली, तर आम्हीच. मी म्हटलं, सांग की. तो पुटपुटला, "मुप्पै ऐदु." मी म्हटलं, लिही. त्यानं पाटीवर ३५ लिहिलं. एका दमात, खाडाखोड न करता. मी विचारलं, "याभै मूडु?" माझा उच्चार ऐकून अव्वा हसली. त्यानं ५३ लिहिलं.

मुप्पै म्हणजे तीस, ऐदु म्हणजे पाच. तीस पाच. ज्या क्रमानं बोलायचं त्याच क्रमानं लिहायचं. इरवै ओकटि, इरवै रेंडु, इरवै मूडु, पुढं नलभै, याभै, अरवै. तेलुगुतही अकराला पदकोंडु आणि बाराला पन्नेंडु म्हणतात, ते पाठच करावं लागतं, आणि दशकांची नावंही पाठ करावी लागतात. पण एकदा ती आली की ९९ पर्यंतचा रस्ता सरळ आहे. कन्नडमध्येही तसंच, पस्तीस म्हणजे मूवत्तैदु. माझ्या वर्गात अर्ध्याहून जास्त घरांत तेलुगु बोलतात, सहा-सात घरांत कन्नड. या मुलांच्या घरात दशक-एकक आधीपासून बोललं जात होतं आणि मी ते बाहेर चपलांसोबत काढून ठेवायला लावत होते. उर्दू बोलणाऱ्या दोघांची अडचण मात्र मराठीसारखीच होती, कारण पैंतीसमध्येही पाच आधी येतात. त्यांच्यासाठी वेगळा विचार करावा लागला.

मी अव्वाला विचारलं, तुम्ही मोजाल का, मी आवाज घेते. तिला वाटलं मी चेष्टा करते. तिला लिहिता-वाचता येत नाही, शाळा आतून बघितलेली नाही. पण हजार विड्यांवर मजुरी असते, आणि आयुष्यभर तिनं रोज त्या हजाराचा हिशोब ठेवलाय. शेवटी मुलानंच तिला तयार केलं. तिच्या हातात काड्या दिल्या. तिनं पहिला गठ्ठा खाली ठेवला, "पदि". दुसरा, "इरवै". तिसरा, "मुप्पै". मग सुट्या काड्या, एकेक करून, "मुप्पै ओकटि, मुप्पै रेंडु..." चौकटीत तिचे हात होते, तंबाखूनं पिवळसर झालेली बोटं, विडी वळण्याच्या वेगानं चालणारी. मी "अव्वा, सावकाश" म्हणत राहिले आणि तिनं दोनदा माझ्याकडं त्रासिक नजरेनं बघितलं. त्याच गठ्ठ्यांवर नंतर मी मराठी आवाज दिला: तीस, तीस एक, एकतीस. तीस पाच, पस्तीस. आधी तिचा, मग माझा. दोन मिनिटं चाळीस सेकंद. घरच्यांना दाखवून, त्यांनी हो म्हटल्यावरच तो वर्गाच्या गटावर टाकला.

दुसऱ्या दिवशी ज्यांच्याकडून कधी निरोप येत नसे त्या घरांतून आवाजी संदेश आले. मुलं तेलुगुतून मोजत होती, मागून आज्या दुरुस्त करत होत्या. एका वडिलांचा मात्र फोन आला. म्हणाले, "बाई, तेलुगु आम्हाला येतंय की. मराठी शिकायला पोराला तुमच्याकडं पाठवलंय." त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या मुलाला पुढं मराठीतच प्रश्नपत्रिका सोडवायची आहे. मी म्हटलं, "मराठीच शिकवणार आहे. पण पस्तीस म्हणजे काय हे त्याला घरी आधीच माहीत आहे, ते वापरू द्या मला." त्यांना पटलं की नाही माहीत नाही. महिन्यानं मुलगा श्रुतलेखनात संख्या बरोबर लिहायला लागला, त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.

त्याच वर्षी ३ डिसेंबरला आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. सोलापुरात सगळ्या शिक्षकांच्या मोबाईलवर तेच. दहा लाख डॉलरच्या पुरस्कारातली अर्धी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ जणांत वाटली, ही बातमी झाली. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड ही बातमी झाली. मला त्यातली एक ओळ पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटली: गावातल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती, म्हणून गुरुजी कन्नड शिकले. मी पूर्व भागात वाढले, माझ्या गल्लीत तेलुगु कानावर पडतच मोठी झाले, आणि शंभरापर्यंत तेलुगु मोजायला मी शिकले चाळिशीत, एका विडी कामगार आजीकडून.

माग पुन्हा सुरू झाले. २०२१ च्या डिसेंबरात शाळा भरल्या तेव्हा तिसरीची मुलं दुसरीचं पुस्तक वाचू शकत नव्हती, हे कुणापासून लपलेलं नाही, त्यावर लिहीत बसत नाही. माझ्याजवळ तोपर्यंत साठेक व्हिडिओ जमले होते. वर्गात लोकवर्गणीतून आलेला टीव्ही होता. मी मोठ्या उमेदीनं ५२ वजा २७ चा व्हिडिओ लावला आणि काहीच ऐकू येईना. शाळेच्या भिंतीला लागून कारखाना आहे. घरी एका मुलाच्या कानाशी असलेला आवाज वर्गात मागांच्या आवाजात बुडून गेला. आवाज वाढवला तर टीव्ही चिरकायला लागला. मी रागानं आवाज पूर्ण बंद केला आणि व्हिडिओ थांबवायला रिमोट शोधत होते.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी बोलायला लागली. पडद्यावर हात दोन गठ्ठे उचलत होता आणि ती सांगत होती, "बाईंनी दोन दशक घेतले. आता सात पाहिजेत. नाहीत. आता काय करणार?" सात सेकंद आली, पडद्यावर बोटं मिटायला लागली, आणि अख्खा वर्ग ओरडला, "गठ्ठा सोडा!"

रिमोट सापडला होता, पण मी बटण दाबलं नाही.

तेव्हापासून वर्गात माझे व्हिडिओ मुके चालतात. एक मूल उभं राहून सांगतं, ज्या भाषेत सांगायचं त्या भाषेत. दुसरं मूल तेच मराठीत सांगतं. मला पूर्वी वाटायचं, मुलाला समजलं की नाही ते उत्तरावरून कळतं. आता मी त्याचं सांगणं ऐकते. कुठं अडखळलं, कुठं 'असं-असं' म्हणून हात फिरवला, ती जागा त्याला समजलेली नसते. ते लगेच चूक वहीत जातं. आवाजासह व्हिडिओ घरी पाठवायचा आणि वर्गात मुका लावायचा, ही पद्धत मी ठरवून शोधलेली नाही, ती कारखान्याच्या भिंतीनं दिली. एका सहकारी सरांनी मला सांगितलं की यात शिक्षक काय करतो तेच दिसत नाही. मी त्यांना माझ्या तासाला बसायला बोलावलं. ते आले, आणि पुढच्या आठवड्यात माझ्याकडून काड्या घेऊन गेले.

२०२३ च्या संक्रांतीच्या आधीची गोष्ट. गड्ड्याची यात्रा तोंडावर आली होती, होम मैदानावर पाळणे उभे राहत होते, वर्गात दुसरा विषय नव्हता. सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेल्या अडुसष्ट लिंगांना सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, जातात, तैलाभिषेक होतो, हे इथल्या मुलाला बोलता यायला लागल्यापासून माहीत असतं. मी विचारलं, "अडुसष्ट लिहून दाखवा." अकरा जणांनी ८६ लिहिलं. म्हणजे जी संख्या ते वर्षानुवर्षं ऐकत होते, तीसुद्धा कागदावर उलटी उतरत होती. त्या रात्रीच व्हिडिओ केला. सहा गठ्ठे, आठ सुट्या. गणित असं: नंदीध्वज एकोणतीस लिंगांपाशी जाऊन आले, अजून किती राहिली?

वर्गात एका कन्नड बोलणाऱ्या मुलीनं तो सांगितला. ती वर्षभर फारसं बोललेली नव्हती. "अरवत्तेंटु," असं म्हणून तिनं पडद्यावरच्या गठ्ठ्यांवर बोट ठेवलं, "अरवत्तु," आणि सुट्या काड्यांवर, "एंटु." दोन गठ्ठे गेले. नऊ सुट्या पाहिजेत, आहेत आठ. फक्त एक कमी. इथं ती थांबली. एका काडीसाठी अख्खा गठ्ठा सोडायचा का, हे तिला पटत नव्हतं, आणि मला तो विचार इतका आवडला की मी व्हिडिओ थांबवला. एक मुलगा म्हणाला, "मग तीसच काढून घे आणि एक परत दे." गठ्ठा न सोडता तीन गठ्ठे बाजूला ठेवले, अडुसष्टातून तीस गेले, अडतीस राहिले, एक काडी परत आली, एकोणचाळीस. एकोणतीस म्हणजे तीसाला एक कमी, हे मी पुस्तकातून कितीदा सांगितलं होतं. ते नाव असं का आहे, ते त्या मुलाच्या हातात त्या दिवशी आलं. माझ्या व्हिडिओत ही रीत नव्हतीच. संध्याकाळी ती घालून मी नवा व्हिडिओ केला आणि त्यात त्या दोघांचे हात घेतले.

अव्वाचा नातू आता पाचवीत आहे, मोठ्या शाळेत. मधल्या सुट्टीत कधीतरी भेटून जातो. अव्वाचे डोळे अधू झालेत, विड्या बंद केल्यात. तिचा मोजणीचा व्हिडिओ मी दरवर्षी जूनमध्ये नव्या मुलांना पाठवते आणि दरवर्षी कुणाची तरी आजी निरोप पाठवते की त्या बाईपेक्षा मी चांगलं मोजते, माझा घ्या. तीन आज्यांचे घेतलेत. एक कन्नड आहे.

सध्या चूक वहीत एकच नोंद सारखी येतेय. दोनशे सात सांगितलं की मुलं २००७ लिहितात. आधी दोनशे लिहिलं, मग सात. ऐकलं तसं लिहिलं, त्यांचं काय चुकलं? इथं तेलुगु-कन्नडही मदतीला येत नाही, कारण रिकाम्या दशकाचं नाव आमच्या वर्गातल्या कोणत्याच भाषेत उच्चारलं जात नाही. मधल्या मारुतीजवळच्या दुकानातून मी तीन सारख्या स्टीलच्या ताटल्या आणल्यात. डावीकडच्या ताटलीत शंभराचे दोन मोठे गठ्ठे, उजवीकडच्या ताटलीत सात काड्या, मधली ताटली रिकामी. ताटली उचलायची नाही, रिकामीच ठेवायची आणि तिच्याखाली शून्य लिहायचं. काल चौथ्या तासाला मुलांनी शंभराचा पहिला गठ्ठा बांधला. दहा लाल गठ्ठे एकत्र, वरून निळं सूत. हातात धरून प्रत्येकानं तो जड आहे असं सांगितलं. दुसऱ्या गठ्ठ्याला चौदा काड्या कमी पडल्यात. एक मुलगा खराटा घेऊन येतो म्हणालाय.